ट्रॉलीमागची वायर: पट्टी मारायची की पाइप घालायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, वर्षापूर्वी ओट्याखाली ट्रॉल्या करून घेतल्या आणि सिंकशेजारी डिशवॉशर बसवलं. मागच्या महिन्यात उंदरानं डिशवॉशरची वायर कुरतडली. शिवाय शेजारचा मोठा ड्रॉवर आत ढकलला की मागे काहीतरी अडतं, जोर लावावा लागतो. सुतार म्हणतो, भिंतीवर केसिंग पट्टी (वायर झाकणारी, झाकणाची प्लास्टिकची पट्टी) मारू. वायरमन म्हणतो, फ्लेक्सिबल पाइप ओवू. कुणाचं ऐकायचं?

दोघंही चुकीचं सांगत नाहीत, पण वायर आहे तिथेच राहणार हे दोघांनी धरून ठेवलंय. मी गेली बरीच वर्षं पुण्यात घरांची वायरिंगची कामं करतो, आणि स्वयंपाकघरातल्या जखमी वायरींमध्ये मला बहुतेक वेळा हाच प्रकार दिसतो. वायर चुकीच्या वाटेनं जाते आणि मग तिच्या अंगावर चिलखत चढवायची धडपड सुरू होते. आधी वाट बदलता येते का ते बघा. पट्टी की पाइप हा प्रश्न त्यानंतरचा, आणि वाट बदलल्यावर कधीकधी तो उरतही नाही.

त्याआधी तातडीचं. कुरतडलेल्या वायरीवर काळी टेप गुंडाळून मशीन चालू ठेवलं असेल, तर आज बंद करा. डिशवॉशर पाणी तापवताना साधारण 2000 वॅट घेतं, म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ 9 अँपियर. उंदरानं नुसतं वरचं आवरण खाल्लेलं नसतं, आतल्या तांब्याच्या बारीक तारांपैकीही काही तुटलेल्या असतात. तेवढाच करंट उरलेल्या तारांतून जातो आणि नेमका तो इंचभर भाग तापायला लागतो. तुमचा 16 किंवा 20 अँपियरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, हे ओळखणार नाही. त्याच्या लेखी 9 अँपियर म्हणजे सगळं ठीक. एमसीबी करंट मोजतो, वायरीची अवस्था त्याला दिसत नाही. अशी वायर अख्खी बदलायची, मध्ये जोड द्यायचा नाही. मशीन वॉरंटीत असेल तर कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या, कारण बाहेरच्या कुणी मशीन उघडलं तर पुढे वाद होतो.

आता वाटेचं. तुमच्याकडे दोन वेगळ्या जातीच्या वायरी आहेत आणि त्यांना एकच औषध चालत नाही. एक, भिंतीतून बोर्डापर्यंत आलेली पक्की वायर. ती एकदा बसली की हलत नाही, तिला धोका बाहेरून येतो: ड्रिल, स्क्रू, खिळा. दुसरी, मशीनची स्वतःची कॉर्ड, जी मशीन पुढे-मागे झालं की हलते. तिला धोका घासण्याचा, चेपण्याचा, दुमडण्याचा आणि उंदराचा. सुताराची पट्टी पहिल्या जातीसाठी आहे. कॉर्ड पट्टीत कोंबली तर मशीन सर्व्हिसिंगला बाहेर ओढताना एक तर झाकण उडेल, नाही तर प्लगजवळ ताण बसेल.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं सॉकेट डिशवॉशरच्या बरोबर मागे आहे. जवळजवळ सगळे तिथेच ठेवतात, कारण तिथून दिसत नाही. पण 16 अँपियरचा थ्री पिन टॉप लावला की तो भिंतीपासून दोन-अडीच इंच पुढे येतो, आणि कॉर्ड तिथून लगेच वळायला बघते. मशीन मागे ढकललं की त्याची पाठ त्या टॉपवर टेकते आणि कॉर्ड मुळाशीच मोडते. बाहेरून सुरकुती पडलेली दिसते, आत तारा एकेक करून तुटत असतात. पुढे कधीतरी टॉप काळा पडतो आणि लोक सॉकेटला दोष देतात.

म्हणून सॉकेट शेजारच्या कप्प्यात घ्या. तुमच्याकडे सिंकखालचा कप्पा आणि ड्रॉवरचा कप्पा असे दोन पर्याय दिसतात. सिंकखाली गळती होते, तेव्हा तिथे घ्यावंच लागलं तर नळाच्या आणि सायफनच्या जोडांपासून बाजूला आणि वरच्या अंगाला घ्या, तळाशी नको. ड्रॉवरच्या मागे घेतलं तर हात पोचत नाही. ड्रॉवरपलीकडे दार असलेला साधा कप्पा असेल तर तो उत्तम, कॉर्डची लांबी पुरते का तेवढं मोजा. पुरत नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड लावून भागवू नका, पक्की वायर पुढे आणा. स्विच मात्र ओट्याच्या वर, टाइल्सवर, डोळ्यांसमोर हवा. खाली सॉकेट, वर 20 अँपियरचा स्विच. मशीनमधून पाणी गळायला लागलं तर कुणी वाकून, ओल्या फरशीवर गुडघे टेकून प्लग काढायला जाऊ नये, एवढाच हेतू.

दोन कप्प्यांमधल्या प्लायला भोक पाडावं लागेल. प्लग टॉप जाईल एवढं म्हणजे 50 मिलिमीटरच्या आसपास. सुतार होलसॉनं भोक पाडतो आणि निघून जातो. त्या भोकाची कड बोटानं चाचपून बघा. वरची सनमायका ताज्या कापलेल्या पत्र्यासारखी लागते. मशीन चालताना थरथरतं, कॉर्ड त्या कडेवर तासन्‌तास घासते. म्हणून भोकात प्लास्टिकची गोल रिंग बसवा. संगणकाच्या टेबलाला वायरी खाली सोडायला जी असते तीच, हार्डवेअरच्या दुकानात वायर मॅनेजर म्हणून मिळते. कप्पा स्टीलचा असेल तर भोकाच्या कडेवर बसणाऱ्या रबरी रिंगेशिवाय, म्हणजे ग्रोमेटशिवाय, वायर ओवूच देऊ नका. वस्तू किरकोळ किमतीची आहे, म्हणूनच विसरली जाते.

ड्रॉवर अडतो त्याचं कारण बहुधा चॅनेलची, म्हणजे तो ज्यावर सरकतो त्या पट्टीची, लांबी. ओटा साधारण दोन फूट खोल असतो. भिंत, मागचा प्लाय आणि पुढचं शटर वजा केलं की आत 21-22 इंच मिळतात. सुतार त्यात 20 इंची चॅनेल लावतो, कारण गिऱ्हाइकाला ड्रॉवर मोठा हवा असतो. मागे इंच-दीड इंच उरतो आणि त्याच फटीतून पाण्याचा पाइप, ड्रेनचा पाइप आणि तुमची वायर जाते. ड्रॉवरची मागची कड रोज वीस वेळा त्या वायरीवर आपटत असणार. इथे पट्टी मारली तर ती अर्धा-पाऊण इंच जागा आणखी खाईल आणि आपटणं पट्टीवर येईल. 18 इंची चॅनेल लावून ड्रॉवर दोन इंच आखूड करणं हा खरा इलाज. प्लायची पेटी असेल तर सुतार ती कापून देतो. तारेची स्टील बास्केट असेल तर बदलावी लागेल, म्हणून तिथे वायरच त्या कप्प्यातून उचललेली बरी. डब्यांची एक रांग कमी झाली म्हणून घरात कुरकुर होईल, ती ऐकून घ्या.

आता पट्टी की पाइप. पक्की वायर भिंतीच्या आत नेता आली तर कुठल्याही पट्टीपेक्षा चांगलं. झिरी (भिंतीत लांब खाच) मारायची, 25 मिलिमीटरचा आयएसआय मार्कचा मीडियम किंवा हेवी पीव्हीसी पाइप बसवायचा, गिलावा करायचा. पण तुमची भिंत कसली आहे यावर हे अवलंबून. विटेची किंवा ब्लॉकची असेल तर हरकत नाही, फक्त चार इंची भिंतीत आडवी लांबलचक झिरी मारू नका, उभी मारा. गेल्या काही वर्षांतल्या उंच इमारतींमध्ये मायव्हनची म्हणजे ॲल्युमिनियम फॉर्मवर्कमध्ये ओतलेली काँक्रीटची भिंत असते. तिथे झिरी मारली की सळईवरचं आवरण जातं. कॉलम-बीमलाही तेच. सोसायटी परवानगी देणार नाही आणि देऊही नये. अशा भिंतीवर वरून पाइप किंवा पट्टी हाच मार्ग. भाड्याचं घर असेल तरी तेच.

वरून न्यायचंच तर जागेप्रमाणे ठरवा. ओट्याच्या वर, छताच्या कडेनं, जिथे हात-भांडं लागत नाही तिथे केसिंग पट्टी छान दिसते आणि पुरते. ओट्याखाली, जिथे कुकर आणि कढया सरकतात आणि तेलकट दमटपणा असतो, तिथे पट्टीचं झाकण काही महिन्यांत सुटायला लागतं. तिथे गोल कडक पाइप, सॅडलनं (पाइप भिंतीला धरणाऱ्या पकडीनं) फूट-दीड फुटावर आवळलेला. हा पाइप कप्प्याच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातून न्या, तळातून नको. तळाशी पाणी साचतं आणि तळाशीच उंदीर फिरतो. कॉर्डसाठी, म्हणजे शेवटच्या दोन-तीन फुटांसाठी, तुमच्या वायरमनचा फ्लेक्सिबल पाइप योग्य. पण कुठला फ्लेक्सिबल, ते त्यानं सांगितलंय का?

पांढरा किंवा करडा नालीदार प्लास्टिक पाइप उंदराला अडवत नाही. तो घासण्यापासून वाचवतो, तेवढंच. उंदीर असतील तर आत स्टीलची पट्टी गुंडाळलेला आणि वर पीव्हीसीचं आवरण असलेला पाइप घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत सहज मिळतो. आतला व्यास असा घ्या की प्लग टॉप न कापता कॉर्ड ओवता येईल, किंवा टॉप सुटा करून परत बसवता येणारा असावा. कंपनीचा मोल्डेड टॉप कापायच्या आधी वॉरंटी बघा. आणि हा पाइप धातूचा आहे, त्याला अर्थिंग द्यावं लागतं, ही गोष्ट निम्म्या ठिकाणी केलेली नसते. आत वायर कापली गेली आणि फेज (करंट आणणारी तार) पाइपला टेकली, तर अर्थिंग असल्यावर ब्रेकर पडतो. नसल्यावर अख्खा पाइप करंट धरून बसतो आणि कप्प्यात हात घालणाऱ्याची वाट बघतो. पाइपच्या टोकाला कपलर, क्लॅम्प आणि तिथून वेगळी हिरवी वायर. पाइपच्या गुंडाळीलाच अर्थिंग समजू नये.

उंदरांबद्दल एक सांगतो. वायरीचं कितीही रक्षण केलं तरी उंदीर आत येतोय तोवर तो दुसरं काहीतरी खाणार. सिंकखाली ड्रेनचा पाइप भिंतीत किंवा जमिनीत जातो तिथे बघा. दोन इंची पाइपसाठी प्लंबरनं चार इंची भोक पाडलेलं असतं आणि वर एक स्टीलची गोल टोपी सरकवून ठेवलेली असते. टोपी उचला, खाली सरळ डक्ट दिसते. ते भोक बारीक स्टील जाळी कोंबून सिमेंटनं बंद करा. नुसता फोम मारला तर उंदीर तो चार रात्रींत पोखरतो. चिमणीचा पाइप बाहेर जातो तिथे जाळी आहे का, तेही बघा. वायरीवर मारायच्या फवाऱ्यांवर माझा विश्वास नाही, वास उडाला की उंदीर हजर. डिशवॉशरच्या तळाला जाळी बसवता येते का, ते सर्व्हिसवाल्याला विचारून बघा. वायुवीजनाच्या फटी बंद होणार नाहीत एवढं सांभाळायचं.

उंदीर गॅसची नळीही कुरतडतात, म्हणून ओट्याखाली सिलिंडर असेल तर त्या कप्प्यात सॉकेट, स्विच, जोड काहीही ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, आणि प्लग काढताना पडणारी ठिणगी त्याला पुरते. पाइपचा गॅस हलका असतो, वर जातो, तरी वायर आणि गॅसचा पाइप एकमेकांना बांधलेले मी बघितले की आधी ते सोडवतो. नळी तारेची जाळी असलेली सुरक्षा होज वापरा, साधी रबरी नको.

तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्याच घरात उद्या होऊ शकेल असं एक नुकसान सांगतो, कारण पक्क्या वायरींमध्ये मला तेच सर्वात जास्त सापडतं. पाणी शुद्ध करायचं मशीन. त्याची कॉर्ड आखूड असते, त्यामुळे बसवायला आलेला मुलगा बोर्ड बघतो आणि त्याच्या बरोबर वर मशीन धरून ड्रिल मारतो. आपल्याकडे बहुतेक इमारतींमध्ये वायरी स्लॅबमधून उभ्या उतरून बोर्डात येतात, म्हणजे बोर्डाची वरची बाजू ही नेमकी वायरींची वाट. हिशेब करा: टाइल 8 मिलिमीटर, मागचा माल 10-15 मिलिमीटर, की लगेच पाइप. भिंतीवरच्या कपाटाचा अँकर 60 मिलिमीटरचा असतो. तो पाइपच्या आरपार जातो. गंमत अशी की त्या दिवशी काहीच होत नाही. स्क्रू फक्त न्यूट्रलला किंवा फक्त फेजला टेकून बसतो. पावसाळ्यात भिंत ओलावली की आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच, पडायला लागतो आणि दोष फ्रिजवर येतो.

बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडव्या रेषेत ड्रिल मारू द्यायचं नाही, हा नियम पाळला तरी पुष्कळ वाचतं. जुन्या घरात वायरी तिरक्याही नेलेल्या असतात, तिथे डिटेक्टर फिरवून घ्या. आणि आता तुम्ही झिरी मारून घेणार असाल तर गिलावा करण्याआधी टेप भिंतीला लावून फोटो काढा, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती हे वाचता येईल असा. तो फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवा.

हे सगळं केलं तरी कधीतरी वायर दुखावणारच, म्हणून शेवटची भिंत आरसीसीबीची. 30 मिलिअँपियरचा. तुमच्या डीबीत (एमसीबी असतात त्या मुख्य पेटीत) तो नसेल तर पट्टी-पाइपच्या आधी तो बसवा. कुरतडलेल्या वायरीतला करंट ओल्या प्लायमधून, मशीनच्या बॉडीमधून किंवा माणसातून अर्थकडे गेला की तो पडतो. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना टेकले तर तो एमसीबीचा विषय. अर्धवट तुटलेली, तापणारी वायर मात्र दोघांपैकी कुणालाच कळत नाही, आणि मघाची टेपबद्दलची कटकट त्यासाठीच होती. आरसीसीबीवर टी लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघा. पडला नाही तर तो असून नसल्यासारखा. आणि तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकणाऱ्या वायरमनला दारातूनच परत पाठवा.

उष्णतेचंही थोडं. साधी पीव्हीसी वायर 70 अंशांपर्यंतची असते. पुढे कधी भिंतीतला ओव्हन बसवलात तर त्याच्या पाठीमागून कॉर्ड नेऊ नका, आणि उरलेली कॉर्ड घट्ट वेटोळं करून केबल टायनं आवळू नका. सैल, मोठी वळणं ठेवा. गॅसच्या शेगडीवरून मिक्सरची वायर ओलांडून नेणं तर घरोघरी चालतं. त्याला उपाय एकच, ओट्याच्या दोन्ही टोकांना बोर्ड हवा.

तुमच्या घरापुरता क्रम असा धरा. मशीन बंद, कॉर्ड नवी. डीबीत आरसीसीबी आहे का ते बघणं. सिंकखालचं भोक बंद करणं. सॉकेट शेजारच्या कप्प्यात आणि स्विच वर, त्यासाठी पक्की वायर 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची, डीबीपासून स्वतंत्र. दुसऱ्या पॉइंटवरून उचललेली नको. ड्रॉवर आखूड. मग भोकात रिंग आणि शेवटच्या टप्प्याला स्टीलचा फ्लेक्सिबल, अर्थिंगसह. सुताराची पट्टी यात कुठेच लागली नाही, त्याला वाईट वाटायचं कारण नाही, ड्रॉवरचं काम त्याचंच आहे. काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि झाल्यावर मेगर (वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) लावायला सांगा: सगळी उपकरणं काढून, 500 व्होल्टवर. कमीत कमी 1 मेगाओहम यायलाच हवा, नवी कोरडी वायर त्याच्या कितीतरी वर दाखवते. जेमतेम आकडा आला तर पैसे द्यायच्या आधी कारण विचारा.

मशीन परत आत जाताना दोन माणसं लागतात. एकानं समोरून ढकलायचं, दुसऱ्यानं शेजारच्या कप्प्यात हात घालून कॉर्ड हळूहळू आपल्याकडे ओढत राहायचं, म्हणजे ती पायाखाली किंवा पाठीमागे अडकत नाही. फ्रिजचंही तसंच आहे. दिवाळीच्या साफसफाईत तो बाहेर काढतात आणि परत लावताना पुढचा पाय स्वतःच्याच वायरीवर ठेवतात. मशीन जागेवर बसलं की कप्प्यातून कॉर्ड दोन बोटांनी हलवून बघा. सैल हलली तर ठीक. ताणलेली लागली तर मशीन पुन्हा बाहेर काढा, कंटाळा करू नका.